मुक्काम पोस्ट पुसद, जिल्हा मंत्रालय

विदर्भात कुणाच्याही हातात माइक आला की पहिलं वाक्य ठरलेलं असतं. आपल्यावर अन्याय झाला, कारण सत्ता कायम पश्चिम महाराष्ट्राकडे. हे वाक्य गडचिरोलीत म्हणा, लोक माना डोलावतील. बुलढाण्यात म्हणा, टाळ्या पडतील. यवतमाळ जिल्ह्यात म्हणायचं असेल तर मात्र वक्त्यानं आधी मागे वळून बॅनर बघून घ्यावा. त्यावर दोन माजी मुख्यमंत्र्यांचे फोटो असण्याची दाट शक्यता आहे. दोघंही याच जिल्ह्याचे, एकाच तालुक्याचे आणि एकाच घरातले.

सत्ता मिळाली नाही म्हणून मागे राहिलो, ही सबब यवतमाळला वापरता येत नाही. या जिल्ह्याचा सगळा निवडणूक इतिहास म्हणजे सत्ता भरपूर मिळाल्यावर काय होतं, याचा सत्तर वर्षांचा अहवाल आहे.

पुसदजवळच्या गहुलीचे वसंतराव नाईक १९६३च्या डिसेंबरात मुख्यमंत्रिपदावर बसले ते १९७५च्या फेब्रुवारीत उठले. अकरा वर्षांहून जास्त काळ. त्या खुर्चीत त्यांच्याइतकं आधी कुणी बसलं नाही आणि नंतरही नाही. बंजारा तांड्यावरचा मुलगा वकील झाला, पुसदचा नगराध्यक्ष झाला, १९५२ साली जुन्या मध्य प्रदेशच्या विधानसभेत गेला आणि तिथून राज्य बदलत बदलत महाराष्ट्राच्या शेंड्यावर पोचला. कर्तृत्व वादातीत. दोन वर्षांत राज्य अन्नधान्यात स्वयंपूर्ण झालं नाही तर मला फासावर द्या, असं पुण्यात शनिवारवाड्यावर जाहीर सांगून आलेला माणूस. हल्लीही आश्वासनाला मुदत असते, फक्त ती पुढच्या निवडणुकीनंतरची असते. मुंबईतल्या कम्युनिस्टांची कोंडी करणाऱ्या शिवसेना नावाच्या नव्या संघटनेकडे त्यांनी इतक्या प्रेमानं पाहिलं, की लोक तिला 'वसंतसेना' म्हणू लागले. पुढे त्या सेनेनं त्यांच्याच जिल्ह्यात किती पीक काढलं, ते खाली येईलच.

पुतणे सुधाकरराव १९९१च्या जूनमध्ये मुख्यमंत्री झाले आणि मुंबईच्या दंगलींनंतर १९९३ साली पायउतार झाले. कारकीर्द पावणेदोन वर्षांची, पण जलसंधारणाचं स्वतंत्र खातं त्यांच्या खात्यावर जमा आहे. काकांच्या जयंतीला, १ जुलैला, राज्यात कृषी दिन असतो. पुतण्याच्या पुण्यतिथीला, १० मे रोजी, जलसंधारण दिन. शेती आणि पाणी, दोन्हींचे सरकारी सण एका घरचे. आणि शेतकरी आत्महत्यांवर लिहायचं ठरलं की दिल्लीचा पत्रकार गाडी पाठवतो तीही याच जिल्ह्यात. पुसदला लागून महागाव तालुका आहे. तिथल्या चिलगव्हाणच्या साहेबराव करपे यांनी १९ मार्च १९८६ रोजी बायको आणि चार मुलांसह आयुष्य संपवलं. दरवर्षी त्या तारखेला काही लोक उपास करतात. त्या दिवशी सरकारी सुट्टी नसते, हारही नसतात.

खुद्द पुसदचं काय झालं? स्वतंत्र पुसद जिल्ह्याची मागणी किती जुनी, हे विचारलं तर मागणाऱ्यांचे आजोबा आठवावे लागतात. वाशीम जिल्हा झाला १९९८ साली. तारीख होती १ जुलै. म्हणजे नाईकसाहेबांच्या जयंतीला जिल्हा मिळाला तो शेजाऱ्याला. पुसद आजही तालुकाच आहे. दोन मुख्यमंत्री देऊन जिथे तहसील कार्यालयाचं कलेक्टर कचेरीत रूपांतर होत नाही, तिथे मुख्यमंत्री देण्याचा नेमका फायदा काय, हा प्रश्न महाराष्ट्रातल्या बाकी तालुक्यांनी अभ्यासाला घ्यावा.

पुसदची आमदारकी मात्र कुठे गेली नाही. १९५२ पासून ती नाईकांच्या वाड्यात आहे. वसंतराव, सुधाकरराव, मग सुधाकररावांचे बंधू मनोहर नाईक आणि आता मनोहररावांचे चिरंजीव इंद्रनील. वाडा काँग्रेसमध्ये होता तेव्हा पुसद काँग्रेसचं. १९९९ साली वाडा राष्ट्रवादीत गेला, पुसद राष्ट्रवादीचं. राष्ट्रवादीची दोन शकलं झाली आणि वाडा अजितदादांकडे गेला, मतदार घड्याळ बघून मागोमाग. विरोधी पक्षाची सोयही वाड्यानं घरातच करून ठेवली आहे. २०१९ साली इंद्रनील यांच्यासमोर भाजपनं उभे केले ते निलय नाईक, चुलत भाऊ. मतदाराला नाईक नको असेल तर पर्याय काय, तर नाईक.

शेजारच्या उमरखेडला याच्या बरोबर उलटी रीत. तिथे पक्ष पक्का आणि माणूस कच्चा. अनुसूचित जातींसाठी राखीव असलेल्या या जागेवर भाजपनं २०१४ साली राजेंद्र नजरधने निवडून आणले, २०१९ साली त्यांना बाजूला करून नामदेव ससाने, २०२४ साली त्यांनाही बाजूला करून किसन वानखेडे. तिन्ही वेळा जिंकले. उमरखेडच्या आमदाराला पहिल्या दिवशी शपथ देतात तेव्हाच बहुधा परतीची तारीख कळवत असावेत. आर्णीत राजू तोडसाम यांना २०१४ साली आमदार केलं, २०१९ साली तिकीट कापलं आणि संदीप धुर्वे निवडून आणले, २०२४ साली धुर्वे कापले आणि पुन्हा तोडसाम. वखरपाळी, दुसरं काय. एका तालुक्यात घर बदलत नाही, दुसऱ्यात पक्ष बदलत नाही, आणि दोन्हीकडचा शेतकरी कापसाला भाव मागायला जातो तेव्हा त्याला एकच उत्तर मिळतं: वरती बोललोय.

आता जिल्ह्याचा दुसरा चेहरा. सगळा महाराष्ट्र चालवणारा माणूस पुसदनं दिला, हे सांगितलं. तो महाराष्ट्रच नको म्हणणारी माणसंही याच जिल्ह्यानं दिली. वणीत जन्मलेले लोकनायक बापूजी अणे टिळकांच्या तालमीतले. १९३०च्या जुलैत पुसदच्या जंगलात गवत कापून त्यांनी कायदा मोडला आणि तुरुंगात गेले. पुढे काँग्रेसचे हंगामी अध्यक्ष, व्हाइसरॉयच्या मंडळाचे सदस्य, गांधीजींच्या उपोषणावरून तिथून राजीनामा, श्रीलंकेत हिंदुस्थानचे प्रतिनिधी, मग बिहारचे राज्यपाल. एवढं सगळं झाल्यावर, ऐंशी पार केल्यावर, १९६२ साली ते अपक्ष म्हणून लोकसभेला उभे राहिले आणि वेगळ्या विदर्भाच्या मुद्द्यावर जिंकले. कुठून? नागपुरातून.

त्याच १९६२ साली यवतमाळ शहरातून विधानसभेत गेले जांबुवंतराव धोटे. पुढे फॉरवर्ड ब्लॉकचे. पल्लेदार दाढी, त्याहून पल्लेदार आवाज. १९६४ साली त्यांनी भर सभागृहात अध्यक्ष बाळासाहेब भारदे यांच्या दिशेनं पेपरवेट भिरकावला. मुख्यमंत्री कोण, तर वसंतराव नाईक. म्हणजे पुसद सत्तेच्या खुर्चीत, यवतमाळ पेपरवेट घेऊन समोर, आणि बाकीचा महाराष्ट्र प्रेक्षकांत. धोट्यांची आमदारकी गेली. पोटनिवडणूक लागली आणि यवतमाळकरांनी त्यांनाच परत पाठवलं. आजच्या सभागृहांत कागद फाडतात, घोषणा देतात आणि जेवणाच्या सुट्टीत एका टेबलावर बसतात, त्यांनी ही नोंद वाचून ठेवावी. पेपरवेट फेकणं वाईटच. पण तेव्हाच्या विरोधकाच्या हातात काहीतरी जड असायचं.

कृषी विद्यापीठाची गोष्ट तर या दोघांची जोडगाथाच. १९६८ साली विद्यापीठ आलं राहुरीला, आणि विदर्भ पेटला. पुढे धोटे. सत्तेत नाईक. अखेर १९६९च्या ऑक्टोबरात विदर्भाला आपलं पंजाबराव कृषी विद्यापीठ मिळालं. भांडणारा यवतमाळचा, देणारा पुसदचा, आणि विद्यापीठ अकोल्याला. पुढे धोटेही १९७१ साली नागपूरचे खासदार झाले. १९८० साली पुन्हा नागपूरचेच, आणि या वेळी, नीट वाचा, इंदिरा काँग्रेसचे. विदर्भाच्या सिंहाची डरकाळी त्यानंतरही अनेकदा ऐकू आली, पण जंगल कुणाचं, हे तोवर ठरलं होतं.

इथे एक निरीक्षण नोंदवून ठेवतो. यवतमाळचा कापूस जसा गाठी बांधून बाहेर जातो आणि कापड होऊन महागात परत येतो, तसंच इथल्या पुढाऱ्यांचं. अणे आणि धोटे नागपुरात खपले. वसंतराव १९७७ साली खासदार झाले ते वाशीमचे. अण्यांनी सुरू केलेलं 'लोकमत' नव्यानं उभं करणारे जवाहरलाल दर्डा यवतमाळचे. ते राज्यात मंत्री झाले, एक चिरंजीव राज्यसभेत, दुसरे औरंगाबादहून आमदार आणि मंत्री. आणि बदल्यात बाहेरून काय आलं? विधान परिषदेची यवतमाळ स्थानिक स्वराज्य संस्थांची जागा बघा. मतदार कोण, तर नगरसेवक आणि जिल्हा परिषदेचे सदस्य, जेमतेम चारपाचशे. २०१६ साली त्यांनी आपला प्रतिनिधी म्हणून निवडला तानाजी सावंत यांना, सोलापूर जिल्ह्यातले साखर कारखानदार. २०१९ साली सावंत परांड्याचे आमदार झाले, जागा रिकामी झाली. तेव्हा आले दुष्यंत चतुर्वेदी, नागपूरच्या काँग्रेस नेत्याचे चिरंजीव आणि शिवसेनेचे उमेदवार. जिल्ह्यातले चारपाचशे लोकप्रतिनिधी, पण त्यांना आपल्यातला एकही पसंत पडत नाही. आत्मपरीक्षण म्हणतात ते हेच असावं.

आणि वसंतसेना? भावना गवळी वाशीमकडच्या. वाशीममधून दोनदा आणि मतदारसंघांची फेररचना झाल्यावर यवतमाळ-वाशीममधून तीनदा, अशा सलग पाच वेळा खासदार. ताईंनी पाडलेल्यांची यादी म्हणजे जिल्हा काँग्रेसची कार्यकारिणीच: २०१४ साली मंत्री असलेले शिवाजीराव मोघे, २०१९ साली माजी प्रदेशाध्यक्ष माणिकराव ठाकरे. माणिकरावांची कथा तर वेगळ्या सदराची आहे. २००४ साली दारव्ह्याला त्यांना संजय राठोड नावाच्या शिवसैनिकानं पाडलं. चार वर्षांनी पक्षानं त्यांना प्रदेशाध्यक्ष केलं. राज्यभर तिकिटं वाटली, २०१४ सालचा पराभव सोसला, आणि बरोबर वीस वर्षांनी, २०२४ साली, दिग्रसला पुन्हा उभे राहिले. समोर कोण? संजय राठोड. निकाल तोच. काँग्रेसमध्ये अनुभवाला फार मान आहे, मग तो एकच अनुभव का असेना.

राठोडांचंही बघण्यासारखं आहे. २०२१च्या फेब्रुवारीत वनमंत्रिपदाचा राजीनामा द्यावा लागला, तेव्हा त्यांच्याविरुद्ध सर्वांत मोठा आवाज भाजपचा होता. दीड वर्षानं ते पुन्हा मंत्री झाले, ते भाजपच्याच सोबतीनं. आवाज कुठे गेला म्हणून शोधू नका. तोही सत्तेत गेला.

२०२४ हे वर्ष तर जिल्ह्यानं संग्रहालयात ठेवावं. आधी भूगोल. यवतमाळ जिल्ह्यात विधानसभेच्या जागा सात आणि लोकसभेचे मतदारसंघ तीन. वणी आणि आर्णी चंद्रपुरात मोडतात, उमरखेड हिंगोलीत, उरलेले चार वाशीम जिल्ह्यातल्या दोघांबरोबर यवतमाळ-वाशीममध्ये. इंग्रजांच्या काळात या जिल्ह्याचं नावच वणी होतं. १९०५ साली ते बदलून यवतमाळ केलं, आणि आता वणीकर खासदार निवडतो तो चंद्रपूरचा. एकाच जिल्ह्यानं लोकसभेला दोन वेगवेगळ्या शुक्रवारी मतदान केलं: १९ एप्रिलला वणी-आर्णी, २६ एप्रिलला बाकीचे. आर्णीच्या बोटाला शाई, दिग्रसचं बोट कोरं. लग्नाच्या पंगतीत यावरून ओळख पटली असेल, कोण कुठल्या खासदाराचा ते.

यवतमाळ-वाशीममध्ये लढत शिवसेनेची शिवसेनेशी. पाच वेळा जिंकलेल्या भावनाताईंना शिंदे गटानं घरी बसवलं आणि उमेदवारी दिली राजश्री पाटील यांना, हिंगोलीचे तत्कालीन खासदार हेमंत पाटील यांच्या पत्नी. म्हणजे हिंगोलीत पतीचं तिकीट कापलं आणि यवतमाळात पत्नीला दिलं. भरपाई याला म्हणतात, ती अतिवृष्टीचीच असते असं नाही. ठाकरे गटाचे संजय देशमुख सुमारे ९४ हजार मतांनी निवडून आले. ४ जूनला निकाल लागले तेव्हा जिल्ह्याच्या वाट्याचे तिन्ही खासदार महाविकास आघाडीचे होते. सरकारविरोधी लाट, शेतकऱ्याचा संताप, असे अग्रलेख झाले. सहा महिने गेले. २३ नोव्हेंबरला विधानसभेचे निकाल: सातांपैकी पाच महायुतीचे. शेतकऱ्याचा संताप कुठे गेला? सोयाबीन तर तेव्हाही हमीभावाच्या खालीच होतं. वणीत ठाकरे गटाचे संजय देरकर आणि यवतमाळला काँग्रेसचे बाळासाहेब मांगुळकर एवढेच काय ते वाचले. मांगुळकर २०१९ साली मदन येरावारांकडून दोन हजारांच्या फरकानं पडले होते, त्यांनी उट्टं काढलं. भावनाताई मधल्या काळात विधान परिषदेवर गेल्या, तरी रिसोडला उभ्या राहिल्या आणि पडल्या.

मग डिसेंबरात मंत्रिमंडळ झालं आणि यवतमाळला मिळाले तीन मंत्री. सात आमदारांच्या जिल्ह्यात तीन मंत्री! राठोड शिंदेंच्या सेनेचे, अशोक उईके भाजपचे, इंद्रनील नाईक अजितदादांच्या राष्ट्रवादीचे. प्रत्येक पक्षाला एक, कुणाचं मन दुखवायला नको. राठोडांकडे मृद व जलसंधारण, म्हणजे सुधाकररावांनी उभं केलेलं खातं. उईकेंकडे आदिवासी विकास. आता पुन्हा कुणी 'आमच्याकडे सत्ता नाही' म्हणालंच तर त्याला विचारावं, भाऊ, आणखी किती पाहिजे?

बाहेरच्या मोठ्या नेत्यांचंही या जिल्ह्यावर विशेष प्रेम आहे. मार्च २०१४ मध्ये नरेंद्र मोदी आर्णी तालुक्यातल्या दाभडीला चहा प्यायला आले आणि शेतमालाला खर्चावर पन्नास टक्के नफ्याचा विषय कपात ढवळून गेले. २०१९ साली पांढरकवड्याला आले, २०२४ साली यवतमाळला. दोन्ही वेळा फेब्रुवारीत, निवडणुकीच्या तोंडावर. त्याआधी २००८ साली राहुल गांधींनी विश्वासदर्शक ठरावावर बोलताना जळका गावातल्या एका शेतकरी विधवेची गोष्ट लोकसभेला सांगितली होती. २०२३ साली अमित शहांनी अविश्वास ठरावावर बोलताना तीच बाई पुन्हा सभागृहात आणली. तिला घर कुणी दिलं, वीज कुणी दिली, यावर दोन पक्षांत वाद झाला. दिल्लीत इतक्यांनी तिचं नाव घेतलंय, की निदान या सदरानं तरी तिला सुट्टी द्यावी.

जानेवारी २०१९ मध्ये यवतमाळला साहित्य संमेलन भरलं. नयनतारा सहगल यांना उद्घाटनाचं बोलावून नंतर येऊ नका कळवलं, आणि त्या फजितीवर उतारा म्हणून आत्महत्याग्रस्त शेतकऱ्याच्या पत्नी वैशाली येडे यांच्या हस्ते उद्घाटन झालं. मांडवातल्यांचे डोळे पाणावले. तीन महिन्यांनी त्याच वैशालीताई प्रहारच्या उमेदवार म्हणून लोकसभेला उभ्या राहिल्या. तोवर डोळे कोरडे झाले होते.

रेल्वेचा विषय दोन ओळींत संपतो, कारण रेल्वेच तेवढी आलीय. वर्धा-यवतमाळ-नांदेड मार्ग २८४ किलोमीटरचा, भूमिपूजन २००९ सालचं. २८ फेब्रुवारी २०२४ ला मोदींनी हिरवा झेंडा दाखवला तो वर्धा ते कळंबपर्यंत. कळंबला चिंतामणीचं देऊळ आहे. पुढचं त्याच्या हवाली.

राहिली वणी. ११ नोव्हेंबर २०२४ ला उद्धव ठाकरे तिथे प्रचाराला उतरले आणि हेलिपॅडवर निवडणूक अधिकाऱ्यांनी त्यांच्या बॅगा उघडायला लावल्या. ठाकऱ्यांनी स्वतःच चित्रीकरण केलं आणि विचारलं, मोदींची तपासली का, शहांची तपासली का? पुढचे काही दिवस राज्यभर प्रत्येक नेता आपली बॅग उघडून दाखवण्याचा व्हिडिओ टाकत होता. कुणाच्या बॅगेत काहीच सापडलं नाही. त्याच महिन्यात कापूस निगम हमीभावाच्या केंद्रांवर कापसाच्या गाड्या तपासत होतं. ओलावा आठ टक्क्यांच्या वर भरला की भाव कापायचा, बाराच्या वर गेला की गाडी परत. तिथे मात्र दर गाडीत काही ना काही सापडत होतं.